चिलखत गेलं, थप्पड राहिली

बासी ईदचा दिवस होता. दरवर्षीप्रमाणे आम्ही अमरावतीहून अकोल्याला आलो होतो. अम्मी बैदपुऱ्यातल्या जुन्या घरात धाकट्या भावाजवळ राहतात. दुपारचं जेवण झालं, उरलेला शीरखुर्मा पुन्हा एकदा गरम झाला, बायका आतल्या खोलीत गप्पांना बसल्या. आमची तेरा वर्षांची लेक चाचूच्या मागेमागे होती. चाचूचा मोबाईल चार्जिंगला लावलेला होता आणि त्याच्या पडद्यावर काहीतरी हलत होतं. तिनं डोकावून पाहिलं आणि मोठ्यानं म्हणाली, "चाचू, हा काय गेम आहे? किती जुनाट! माणसांची तोंडं तर ठोकळ्यासारखी आहेत!"

धाकट्यानं झटकन मोबाईल उचलला. बत्तीस वर्षांचा माणूस, दोन मुलांचा बाप, टिळक रोडला मोबाईल दुरुस्तीचं स्वतःचं दुकान. पण चेहरा असा झाला, जसा वर्गात बाकाखाली कॉमिक वाचताना सापडलेल्या मुलाचा होतो. आणि त्यानं आधी पाहिलं ते आमच्याकडे.

पडदा आम्हालाही दिसला होता. करड्या दगडांचा किल्ला, समोर अंगण, बाजूनं नदी आणि नदीवर पूल. गाव ओळखीचं होतं. लम्ब्रिज.

"हे अजून आहे?" आम्ही विचारलं.

"है ना भाईजान," तो हळूच म्हणाला. "वैसा का वैसा है."

पुढे जाण्याआधी एक खुलासा. घरी उर्दूत 'मैं'ऐवजी 'हम' म्हणायची आमची सवय लहानपणापासूनची. मराठीत लिहितानाही 'मी' लेखणीतून उतरत नाही. तेव्हा या लेखातला 'आम्ही' म्हणजे हा मास्तर एकटाच. जिथे दोन्ही भाऊ असतील, तिथे 'आम्ही दोघे' असं लिहू.

गोष्ट २००६ सालची. बीएड नुकतंच झालेलं, अमरावतीच्या एका उर्दू शाळेत शिक्षणसेवक म्हणून लागलो होतो. अब्बांना जाऊन दोन वर्षं झाली होती. अकोल्यात अम्मी आणि तेरा वर्षांचा धाकटा. आमच्याकडे मोबाईल नव्हता, अकोल्याच्या घरी फोन नव्हता. शेजारच्या दुकानातल्या पीसीओवर निरोप ठेवायचा, मग अम्मींना बोलावणं जायचं, तोवर मीटर पळायचा. दोन मिनिटांत खुशाली, औषधं आणि पैसे यांतच बोलणं संपायचं. धाकट्याच्या वाट्याला "अभ्यास कर" एवढंच यायचं.

राजकमल चौकाजवळच्या एका सायबर कॅफेत आम्ही अर्ज टाइप करायला जात असू. तिथे इंजिनीअरिंगच्या एका मुलाच्या पडद्यावर हा खेळ पहिल्यांदा पाहिला. रूनस्केप त्याचं नाव. इंग्लंडमधल्या अँड्र्यू गोवर नावाच्या तरुणानं आपल्या भावांना सोबत घेऊन तो बनवला आणि जानेवारी २००१ मध्ये सुरू केला. पुढे केंब्रिजमध्ये त्यांची जॅजेक्स ही कंपनी उभी राहिली. या खेळाला सीडी लागत नसे, कॉम्प्युटरवर काही बसवावं लागत नसे. ब्राउझरमध्ये पान उघडायचं की झालं. कॅफेवाले कुणाला काही इन्स्टॉल करू देत नसत, त्यामुळे हा खेळ तिथे चालून गेला. बराच भाग फुकट होता. आणि मुख्य म्हणजे जगातले हजारो लोक एकाच वेळी त्याच गावात फिरत असायचे. अमरावतीतून आम्ही आणि अकोल्यातून धाकटा, असे आम्ही दोघे तिथे भेटू शकत होतो.

मग शनिवार ठरला. सकाळची शाळा आटोपली, असरची नमाज झाली की आम्ही इकडे आणि तो तिकडे, आपापल्या कॅफेत. मगरिबची अजान झाली की दोघांनी उठायचं. तासाला पंधरा रुपये. कॅफेवाला वहीतून मान वर न काढता विचारायचा, "गुरुजी, किती वेळ?" आम्ही म्हणायचो, "एक घंटा."

भेटायची जागा लम्ब्रिजच्या किल्ल्याजवळचा पूल. रोमन लिपीत उर्दू टाइप करायची. अम्मींची तब्येत, शाळेतली मारामारी, गणिताचे गुण, सगळं त्या पुलावर कळायचं. समोर बसून जे तो बोलला नसता, ते टाइप करून सांगायचा.

खेळ मारामारीचा असला तरी त्यात कष्टच जास्त होते. लाकूड तोडा, जाळ करा, मासे धरा, भाजा, खाणीतून धातू काढा, भट्टीत वितळवा, ऐरणीवर ठोका. किल्ल्याच्या खानसाम्याला केकसाठी अंडं, दूध आणि पीठ आणून द्यायचं, ही सुरुवातीच्या कामांपैकी एक. पिठासाठी शेतातून गहू आणायचा, पवनचक्कीच्या माळ्यावर चढून ओतायचा, कळ ओढायची आणि खाली येऊन पीठ भरून घ्यायचं. पुढे लॉबस्टर धरायला लागलो. पोर्ट सरीमच्या बंदरातून करामजा बेटावर जायला गलबताचं भाडं ३० नाणी. अंगावरच्या थैलीला २८ खण. ते भरले की पुन्हा ३० नाणी, पुन्हा किनारा, आणि तिथून ड्रेनर गावच्या पेढीपर्यंत पायपीट.

ही थैली पाहून आम्हाला दादीची आठवण यायची. दादी अमीर हमजाची दास्तान सांगायची. लखनौच्या नवल किशोर प्रेसनं या दास्तानचे ४६ जाड खंड छापले होते. दादीनं त्यातला एकही पाहिला नव्हता, पण अमर अय्यारची जंबील तिच्या तोंडून आम्ही शंभरदा ऐकली होती. सगळी दुनिया पोटात घेईल अशी ती पोतडी. दास्तानमध्ये तिलिस्म असायचं, जादूनं बांधलेला एक मुलूख, त्याचे कायदे निराळे. धाकट्याला आम्ही म्हणालो होतो, "हे आपलं तिलिस्म. फक्त जंबीलला २८ च खण आहेत."

त्यात अल खरीद नावाचं एक वाळवंटी शहरही होतं. तिथे राजपुत्र अली, वजीर हसन आणि हेरांचा प्रमुख उस्मान. ही नावं पाहून धाकटा खुर्चीतच उडाला होता. शहराच्या वेशीवर १० नाणी जकात द्यावी लागायची. जकात म्हणजे नाक्यावरची, आपल्या नगरपालिकेची होती तशी. राजपुत्र अलीला कैदेतून सोडवलं की ती माफ. त्या मोहिमेला आम्हा दोघांना तीन शनिवार लागले.

काही गोष्टी आम्ही ठरवून टाळल्या. त्या जगात त्यांचे म्हणून कल्पनेतले देव आहेत, वेदी आहेत, हाडं पुरून 'प्रेयर' नावाचं कसब वाढवता येतं. आम्ही धाकट्याला सांगितलं, तिकडे जायचं नाही. "ये तो खेल है, भाईजान," तो म्हणाला. "खेळ आहे म्हणूनच सांगतो, खेळात सवय लागते," आम्ही म्हणालो. त्यानं ऐकलं. त्याची ती पातळी १ वरून कधी हलली नाही. एवढं ऐकणारा मुलगा होता, हे वाचकांनी लक्षात ठेवावं.

फुकट खेळणाऱ्यांसाठी सगळ्यात भारी चिलखत म्हणजे निळसर रंगाचं रूनचं. त्याचा छातीपट्टा घालायचा तर आधी क्रँडोर बेटावरच्या ड्रॅगनला मारण्याची मोहीम पुरी करावी लागते. २००७ च्या उन्हाळी सुट्टीत अकोल्याच्या कॅफेत शेजारी शेजारी बसून आम्ही दोघांनी ती केली. अकोल्याचं ऊन आणि त्या वर्षांतलं लोडशेडिंग! एकदा ऐन लढाईत वीज गेली, परत आलो तर धाकट्याचा गडी मरून पडलेला. तेव्हा मेलं की अंगावरच्या तीनच मौल्यवान वस्तू राहायच्या, बाकी तिथेच जमिनीवर. पुन्हा पहिल्यापासून सगळी तयारी करावी लागली.

महिनोन्‌महिने मासे विकून आम्ही चिलखताचा पूर्ण संच जमवला होता. जूनमध्ये धाकटा चांगल्या गुणांनी नववीत गेला तेव्हा तो त्याला वापरायला दिला. म्हणालो, "घाल. पण ही आमची अमानत आहे."

ऑगस्टमध्ये ती अमानत गेली.

व्हॅरॉक शहरात पेढीसमोर गर्दी असायची. तिथे एक जण ओरडत होता, "चिलखताला फुकट किनार लावून देतो." सोनेरी किनारीचं चिलखत खेळात खरंच असतं. ते कोड्यांचा माग काढून पेटीतून मिळतं. कुठलाही खेळाडू दुसऱ्याच्या चिलखताला किनार लावू शकत नाही. धाकट्याला हे माहीत नव्हतं. त्यानं देवघेवीच्या चौकटीत सगळा संच ठेवला, होय दाबलं, पुन्हा एकदा विचारणा आली, पुन्हा होय दाबलं. समोरचा गायब.

शनिवारी पुलावर त्यानं स्वतःहून सांगितलं. टाइप करायला त्याला फार वेळ लागत होता, हे आठवतं. आम्ही उत्तरच दिलं नाही, कॉम्प्युटर बंद केला. दुसऱ्या दिवशी पहिल्या गाडीनं अकोला गाठलं. तो मित्रांबरोबर त्याच कॅफेत होता. सगळ्यांसमोर त्याच्या थोबाडीत मारली आणि म्हणालो, "अमानत समजत नाही तुला? पुन्हा इथे दिसलास तर याद राख." तो रडला नाही. खुर्ची नीट आत सरकवली आणि बाहेर गेला.

आता जे कुणालाच सांगितलं नव्हतं ते. त्याच्या महिनाभर आधी, जुलैमध्ये, त्याच व्हॅरॉकमध्ये आम्ही स्वतः फसलो होतो. एक जण पैसे दुप्पट करून देत होता. हजार दिले, दोन हजार आले. पाच हजार दिले, दहा आले. मग आमच्या जवळचं होतं नव्हतं ते सगळं दिलं. बीएड झालेला माणूस, मुलांना व्याज आणि जुगार यांतलं नुकसान समजावून सांगणारा, आणि दुप्पट पैशांना भुललो. धाकट्याला विचारलं नाही, सांगितलं नाही. तो विचारायचा, "भाईजान, नाणी कुठे गेली?" आम्ही म्हणायचो, "पेढीत आहेत." त्याच्या गालावर जी बसली तिच्यात आमचा अर्धा राग स्वतःवरचा होता. फरक इतकाच की त्यानं फसल्यावर येऊन सांगितलं आणि आम्ही लपवलं.

राग उतरल्यावर वाईट वाटलं. रमजानला थोडेच दिवस होते. ठरवलं, ईदला नवा संच घेऊन त्याला देऊ, म्हणजे न बोलताच सगळं मिटेल. वडीलकीचा स्वभाव असा की माफी मागण्यापेक्षा भेट देणं सोपं वाटतं. पैसे जमवायला ईद उलटली. दिवाळीची सुट्टी गेली. सहामाहीचे पेपर तपासले. संच तयार झाला आणि १० डिसेंबर २००७ ला कंपनीनं नवा नियम आणला. खेळातली नाणी बाहेर खऱ्या पैशांना विकणाऱ्यांचा सुळसुळाट झाला होता, त्यात चोरीची क्रेडिट कार्डंही वापरली जात होती. त्यांना रोखायला कंपनीनं मोकळी देवघेवच बंद केली. जेवढ्या किमतीचं घ्याल, जवळपास तेवढ्याच किमतीचं द्यायचं. भेट, बक्षीस, दान, सगळं संपलं. आमचा संच आमच्याच पेढीत पडून राहिला.

तीन वर्षांनी, १ फेब्रुवारी २०११ ला, खेळाडूंचं मत घेऊन कंपनीनं तो नियम मागे घेतला. तोवर आमचं लग्न झालं होतं, धाकटा दहावी करून आयटीआयला गेला होता, आणि आम्ही दोघेही तो खेळ केव्हाच सोडला होता.

अबोला वगैरे काही झाला नाही. तो अदबीनं वागायचा, ईदला येऊन गळाभेट घ्यायचा, मागितलं तर सल्लाही घ्यायचा. फक्त काही बिघडलं की आम्हाला सांगायचा नाही. तीन वर्षांपूर्वी दुकानासाठी ऑनलाइन मागवलेल्या सुट्या भागांच्या व्यवहारात त्याचे ८० हजार रुपये गेले. आम्हाला कळलं सात महिन्यांनी, तेही अम्मींकडून. १९३० या क्रमांकावर लगेच फोन केला तर गेलेले पैसे वाटेत अडवता येण्याची शक्यता असते, हे आम्ही शाळेत पालकसभेत सांगतो. घरात सख्खा भाऊ फसला आणि त्याला फोन करायला कुणी सांगायचं, तर सांगणाऱ्यापर्यंत बातमीच आली नव्हती.

हे सगळं पोटात घेऊन आम्ही त्या बासी ईदला त्याच्या मोबाईलकडे पाहत होतो.

लेकीनं तोवर मोबाईल पुन्हा हस्तगत केला होता. धाकटा तिला समजावत होता. २०१२ च्या शेवटी खेळात लढाईची पद्धतच बदलली, पुढच्या वर्षी तिसरी आवृत्ती आली. जुने खेळाडू नाराज झाले, सोडून जाऊ लागले. कंपनीकडे जुन्या जगाची एक प्रत शिल्लक निघाली. ते पुन्हा उघडावं का, म्हणून २०१३ मध्ये मतदान घेतलं. जवळपास साडेचार लाख मतं पडली आणि त्या फेब्रुवारीत 'ओल्ड स्कूल' नावानं जुना खेळ पुन्हा सुरू झाला. २०१८ च्या ऑक्टोबरात तो मोबाईलवर आला, तेव्हापासून धाकटा खेळतो. दुकानात हातात सोल्डरिंगची कांडी असते, बाजूला मोबाईल उभा. मासा लागला की एक बोट लावायचं.

"ती प्रत कोणत्या सालची?" आम्ही विचारलं.

"अगस्त २००७," तो म्हणाला आणि मान खाली घातली.

तो महिना त्याच्याही लक्षात होता.

लेकीचं दुसरंच चाललं होतं. "चाचू, मासेमारीत तुमचे ९२ आहेत. ९९ ला सात कमी. होईलच की लवकर."

"अर्ध्यावर आहे बेटा," धाकटा हसला.

"९९ मधले ९२ म्हणजे अर्धं कसं?"

इथे आमच्यातला मास्तर जागा झाला. कागद घेतला आणि लिहून दाखवलं. ९९ व्या पातळीला १ कोटी ३० लाख ३४ हजार ४३१ गुण लागतात. ९२ व्या पातळीला ६५ लाख १७ हजार २५३. जवळपास निम्मे. पातळी वाढते तसं पुढच्या पायरीचं अंतर वाढत जातं. शेवटच्या सात पायऱ्यांना आधीच्या सगळ्या पायऱ्यांएवढेच कष्ट. लेक बराच वेळ त्या कागदाकडे पाहत राहिली. आम्हालाही हे आकडे अजून तोंडपाठ आहेत याचं नवल वाटलं.

रात्री इशानंतर सगळे झोपले आणि आम्ही दोघे गच्चीवर बसलो. धाकट्यानं आमच्या मोबाईलवर खेळ घालून दिला. आम्ही जुनंच नाव टाकलं. पण जुन्या जगात जुना माणूस येत नाही, सगळ्यांना पहिल्यापासून सुरुवात. पंचेचाळिशीच्या उंबरठ्यावरचा मास्तर शिकाऊ बेटावर उतरला, कोळंबी धरली, पहिली जाळली, दुसरी भाजली. अर्ध्या तासानं लम्ब्रिजला पोचलो. पुलावर धाकट्याचा गडी उभा होता. दोन हातांवर बसलेला भाऊ आणि पडद्यावर त्याचा तो ठोकळ्या तोंडाचा गडी, दोघांकडे आळीपाळीनं पाहत राहिलो.

तो आम्हाला व्हॅरॉककडे घेऊन गेला. आता तिथे मोठा बाजार आहे, देवघेवीला सगळे तिथेच जमतात. गर्दीत शिरलो आणि एकाच्या डोक्यावर पिवळी अक्षरं उमटली. चिलखताला फुकट किनार लावून मिळेल.

अठरा वर्षांनी तोच धंदा, तीच हाक. आधी आम्ही दोघे हसलो. मग गच्चीवर शांतता झाली. आता बोललो नाही तर पुन्हा एखादा १० डिसेंबर येईल, असं वाटलं.

"छोटे," आम्ही म्हणालो, "तुझ्या आधी महिनाभर आम्ही फसलो होतो. पैसे दुप्पट करणाऱ्याकडे. सगळी नाणी गेली होती. तुला खोटं सांगितलं की पेढीत आहेत. आणि मारलं तुला."

तो बराच वेळ पडद्याकडेच पाहत होता. मग म्हणाला, "मला वाटायचं, आपल्या घरात एकटा मीच बेवकूफ आहे."

हे वाक्य ऐकून आम्ही काय बोललो ते नीट आठवत नाही. माफी मागितली हे नक्की. साध्या शब्दांत, "माफ कर" म्हणून. भेट न देता मागितलेली ही आमची पहिली माफी असेल.

थोड्या वेळानं त्यानं आणखी सांगितलं. किनार त्याला स्वतःसाठी नको होती. ईद जवळ आली होती. सोनेरी किनारीचं चिलखत करून ते ईदच्या दिवशी पुलावर आम्हाला परत द्यायचं, असं त्यानं मनात योजलं होतं. आमच्या अमानतीत वाढ करून द्यायची होती त्याला. हे तो त्या शनिवारी टाइप करत होता तेव्हाच आम्ही कॉम्प्युटर बंद केला होता.

८० हजारांबद्दल आम्ही विचारलं, "तेव्हा का नाही सांगितलंस? आम्ही काय अजून मारतो?"

"मारते नहीं, मालूम है. पर मुँह नहीं खुलता, भाईजान."

मास्तर म्हणून वीस वर्षं मुलांसमोर उभे आहोत. किती मुलांचं तोंड आमच्यासमोर उघडलं नसेल, याचा हिशोब त्या रात्री सुचला आणि करवला नाही.

दुसऱ्या दिवशी अमरावतीला परतलो. मूर्तिजापूर मागे पडलं तेव्हा लेकीनं आठवण करून दिली, याच अमरावती–अकोला मार्गावर जून २०२२ मध्ये ७५ किलोमीटर डांबरीकरण १०५ तास ३३ मिनिटांत करून विश्वविक्रम झाला होता. आम्ही खिडकीबाहेर पाहत राहिलो. पाच दिवसांत एवढा रस्ता होतो. दोन भावांमधला रस्ता दुरुस्त व्हायला अठरा वर्षं लागली, आणि डांबर म्हणून एक वाक्य पुरलं.

घरी आल्यावर आणखी एक गोष्ट केली. बीएडच्या पाठ टाचणाच्या वहीत शेवटच्या पानावर जुना पासवर्ड पेन्सिलीनं लिहिलेला होता. आमचा जुना गडी त्या तिसऱ्या आवृत्तीत शिल्लक असणार, असं धाकटा म्हणाला होता. लेकीच्या लॅपटॉपवर उघडून पाहिलं. खरंच होता. पेढीत भाजलेले लॉबस्टर होते, निळसर चिलखताचा तो संच होता, आणि मित्रांच्या यादीत एकच नाव होतं. धाकट्याचं. पण बाहेर पडलो तर वाट सापडेना. किल्ला वेगळा दिसतो, चेहरे वेगळे, बटणं इतकी की विमान चालवतोय असं वाटावं. पूल शोधून काढायला लेकीची मदत घ्यावी लागली.

म्हणजे एका खेळात आमचं जुनं गाव आहे आणि त्यात आम्ही कोरे. दुसऱ्यात आम्ही जुने आहोत आणि गाव कोरं. दोन्ही एकत्र कुठेच मिळत नाही, पैसे भरूनही. मरहूम अब्बांचं घर तेच आहे पण त्यात अब्बा नाहीत, तसंच हे. तिथे जाऊन २००७ दुरुस्त करता येत नाही. तिथे जाऊन एवढंच झालं की काय दुरुस्त करायचं राहिलंय ते दिसलं, आणि ज्याच्याशी ते करायचं तो अल्हमदुलिल्लाह समोरच बसलेला होता.

या मासिकाच्या वाचकांत आमच्यासारखे अनेक पालक, अनेक वडीलधारी भावंडं असतील. मुलं मोबाईलवर काय खेळतात, किती वेळ खेळतात, यावर आपण बोलतो, बोलायलाच हवं. आमच्या घरी आजही मगरिबला मोबाईल खाली ठेवायचा नियम आहे. पण वेळेइतकंच दुसरंही पाहावं. आज फसवणारा चिलखत मागत नाही, ओटीपी मागतो, लिंक पाठवतो, दुप्पट करून देतो म्हणतो. मूल फसेल, कारण आपणही फसतो. फसल्यावर ते पहिल्या तासात आपल्याकडे येतं की सात महिने गप्प बसतं, हे त्याच्या आधीच्या कुठल्या तरी शनिवारी आपण काय केलं त्यावर ठरतं. आणि आपण कुठे फसलो ते मुलांना सांगितल्यानं वडीलकी कमी होत नाही, एवढं आम्ही उशिरा का होईना शिकलो. आमच्या लेकीला दुप्पट पैशांची गोष्ट आता ठाऊक आहे. ती आमची टिंगल करते. करू दे.

आता पुन्हा शनिवार ठरला आहे. इशानंतर अर्धा तास, अमरावतीतून आम्ही, अकोल्यातून धाकटा. फोन स्वस्त झाले, व्हिडिओ कॉल फुकट आहे. तरी काही गोष्टी तो अजून पुलावर उभा राहून टाइप करूनच सांगतो. परवा त्यानं दुकानाच्या कर्जाबद्दल सांगितलं. हप्ता थकलाय म्हणाला. आम्ही वाचलं आणि कॉम्प्युटर बंद केला नाही. आम्हाला वाटतं, आम्ही दोघे आता कुठे ९२ वर आहोत.

हा लेख लिहायला बसलो होतो तेव्हा लेक दारात येऊन उभी राहिली. बराच वेळ काही बोलली नाही. मग म्हणाली, "अब्बू, एक सांगायचं होतं. रागावणार नाही ना?"

आम्ही पेन खाली ठेवला. म्हणालो, "बस. सांग."